चित्र शाबूत, भिंत पोकळ: भित्तिचित्रांतला लपलेला बिघाड कसा शोधतात

मध्य इटलीत २६ सप्टेंबर १९९७ रोजी उत्तररात्री अडीचच्या सुमारास भूकंप झाला. असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाचं कितपत नुकसान झालंय हे बघायला सकाळी काही तंत्रज्ञ आणि तिथले साधू वरच्या चर्चमध्ये गेले. पावणेबाराच्या सुमारास दुसरा धक्का बसला आणि छताच्या कमानींचा काही भाग खाली आला. चार जण दगावले. कमानींवरच्या जुन्या चित्रांचे सुमारे तीन लाख तुकडे झाले. पुढे तपासणीत कळलं की शतकानुशतकं छपराच्या डागडुजीत निघालेला राडारोडा कमानींच्या वरच्या खोलगट भागात साठत गेला होता. हादऱ्यांत तो सरकला आणि त्याचा भार कमानींना झेपला नाही. खाली उभं राहून चित्रं पाहणाऱ्याला याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं.

भित्तिचित्रं सहसा अशी एका झटक्यात जात नाहीत. आतल्या आत गिलावा सुटत जातो, ओल चढते, क्षार साठतात, आणि वरचं चित्र वर्षानुवर्षं ठणठणीत दिसत राहतं. मग एक दिवस पोपडा पडतो आणि धावपळ सुरू होते. तो पडायच्या आधी, चित्राला धक्का न लावता, आत काय चाललंय हे ओळखायच्या बऱ्याच पद्धती आज हाताशी आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी एक सांगून टाकतो. बिघाड दाखवणारं यंत्र कुणी बनवलेलं नाही. यंत्र फक्त फरक दाखवतं: इथे ऊब जास्त, तिथे कंपन जास्त, पलीकडे पाणी जास्त. त्याचा अर्थ माणसाने लावायचा असतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

भित्तिचित्र म्हणजे थरांची उतरंड असते. सगळ्यांत मागे दगड, वीट किंवा माती. त्यावर जाडाभरडा गिलावा, त्यावर बारीक गिलावा, आणि सगळ्यांत वर रंग. रंगाचा थर अनेकदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावरच रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच कोंडले जातात, म्हणून असा रंग सहजी निघत नाही. अजिंठ्याची रीत वेगळी. तिथे बेसॉल्टच्या खडकावर वनस्पतींचे तंतू आणि भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. लिओनार्दोनेही मिलानमधलं ‘लास्ट सपर’ कोरड्या भिंतीवरच रंगवलं होतं. १४९८ च्या सुमारास ते पुरं झालं आणि वीसेक वर्षांतच खराब होऊ लागल्याची नोंद आहे.

पद्धत कुठलीही असो, दोन थर जिथे भेटतात तिथेच ते सुटतात. गिलावा भिंतीपासून सुटतो, बारीक गिलावा जाड्यापासून सुटतो, रंग गिलाव्यापासून सुटतो. पहिला प्रकार सगळ्यांत धोक्याचा, कारण त्यात चौरस मीटरभर चित्र एकदम खाली येऊ शकतं. आणि तोच डोळ्यांना सगळ्यांत कमी दिसतो.

या सुटण्यामागचा मोठा गुन्हेगार म्हणजे क्षार. भिंतीला लोणा लागतो तो हाच प्रकार. पाणी जमिनीतून किंवा छपरातून भिंतीत शिरतं, वाटेत विरघळलेले क्षार बरोबर आणतं, आणि बाष्पीभवन जिथे होतं तिथे ते टाकून जातं. बाष्पीभवन अगदी पृष्ठभागावर झालं तर पांढरी भुकटी दिसते. दिसायला वाईट, पण त्यातल्या त्यात निरुपद्रवी. पाण्याचा पुरवठा मंदावला की बाष्पीभवनाची जागा आत सरकते, मग स्फटिक रंगाच्या मागे वाढू लागतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. सोडियम सल्फेट यात कुप्रसिद्ध आहे. कोरड्या अवस्थेतून तो पाणी धरलेल्या स्फटिकात बदलतो तेव्हा त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं. साधं मीठही कमी नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक धरतं. इतर क्षार सोबत असतील तर ही मर्यादा आणखी खाली उतरते. त्यामुळे कायम दमट किंवा कायम कोरड्या खोलीपेक्षा या मर्यादेच्या वरखाली हेलकावणारी खोली जास्त घातक.

चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या मोगाव लेण्यांत हेच घडत होतं. तिथे सुमारे ४५,००० चौरस मीटर भित्तिचित्रं आहेत, वाळवंटाच्या कडेला. एवढ्या कोरड्या प्रदेशात ओलीचं काय काम, असं कुणालाही वाटेल. गेटी संवर्धन संस्था आणि दुनहुआंग अकादमी यांनी १९९७ पासून लेणे क्रमांक ८५ मध्ये दशकाहून जास्त काळ काम केलं. गिलाव्यात मीठ मुरलेलं होतं. पावसाळी दिवसांत दारं उघडी राहिली की बाहेरची दमट हवा आत शिरायची, मीठ विरघळायचं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक धरायचं. भिंतीत नवं पाणी शिरायची गरजच नव्हती, हवेतलं पुरेसं होतं.

आता शोधाच्या पद्धती. सगळ्यांत जुनी आणि आजही न सुटलेली पद्धत म्हणजे बोटाने ठोकून ऐकणं. संवर्धक परांचीवर चढतो, कान भिंतीजवळ नेतो आणि बोटाच्या पेराने अगदी हलके ठोके देत चांगल्या भागाकडून संशयित भागाकडे सरकतो. घट्ट बसलेल्या गिलाव्याचा आवाज तोकडा आणि कोरडा येतो. सुटलेल्या भागावर तोच ठोका खोल आणि पोकळ वाजतो. आवाज बदलला त्या जागेची खूण भिंतीवर करत नाहीत, चित्राच्या छापील फोटोवर किंवा पारदर्शक कागदावर करतात. मग दुसऱ्या बाजूने यायचं, पुन्हा खूण. हळूहळू पोकळीची कड उमटते. सरावलेला हात आणि कान असेल तर हे काम थक्क करण्याइतकं अचूक होतं. पण दोन माणसांचे नकाशे तंतोतंत जुळत नाहीत, दहा वर्षांनी केलेल्या तपासणीची आधीच्याशी नेमकी तुलना करता येत नाही, आणि जिथे रंगाच्या खपल्या आधीच उचलल्या आहेत तिथे बोट लावायची सोयच नसते.

म्हणून ठोका आणि कान या दोघांनाही पर्याय शोधले गेले. ठोक्याच्या जागी लाउडस्पीकर आणि कानाच्या जागी लेसर, अशी एक जोडी इटलीत १९९० च्या दशकापासून वापरात आली. भिंतीसमोर स्पीकर ठेवून अनेक कंपनसंख्यांचा मिसळलेला आवाज सोडतात. घट्ट भिंत ढिम्म राहते, पण सुटलेला गिलावा डफाच्या कातड्यासारखा थरथरतो. ही थरथर इतकी सूक्ष्म की हाताला जाणवणार नाही. लेसरचा किरण मात्र हलत्या पृष्ठभागावरून परतताना आपली कंपनसंख्या किंचित बदलून येतो आणि त्या बदलावरून पृष्ठभागाचा वेग कळतो. किरण एकेक बिंदू करत चित्रभर फिरवला की कुठे काय थरथरतंय याचा नकाशा तयार होतो. यातली खरी गंमत पुढे आहे. मोठा आणि पातळ तुकडा खालच्या कंपनसंख्येला प्रतिसाद देतो, लहान आणि जाड तुकडा वरच्या. त्यामुळे पोकळी आहे एवढंच कळून थांबत नाही, सुटलेला तुकडा साधारण केवढा आणि किती जाड असावा याचाही अंदाज बांधता येतो. चित्राला कुणी स्पर्श केलेला नसतो.

लेसरचीच दुसरी करामत याहून नाजूक आहे. खडबडीत पृष्ठभागावर लेसर पडला की प्रकाशाच्या बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. भिंत किंचित तापवायची आणि आधीच्या व नंतरच्या नक्षीची तुलना करायची. सुटलेला भाग घट्ट भागापेक्षा वेगळा फुगतो आणि मायक्रोमीटरच्या अंशाइतकं सरकणंही पट्ट्यांच्या रूपात दिसून येतं. अडचण एकच: परांचीवर कुणी पाऊल आपटलं तरी मापन बिघडतं. प्रयोगशाळेत झकास, प्रत्यक्ष जागेवर डोकेदुखी.

रोजच्या कामात सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो तो थर्मल कॅमेरा, आणि सगळ्यांत जास्त फसवतो तोही. कल्पना साधी आहे. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे, चुन्याच्या गिलाव्याच्या मानाने वीस-पंचवीसपट मंद. भिंत समोरून दिव्यांनी किंवा उबदार हवेने दोन-चार अंश तापवली तर घट्ट भागातली उष्णता मागच्या दगडात निघून जाते. पोकळी असेल तिथे ती हवेच्या थरापाशी अडते आणि तेवढा भाग जास्त उबदार राहतो. चांगला कॅमेरा अंशाच्या विसाव्या भागाइतका फरक टिपतो, त्यामुळे चित्राला त्रास होईल इतकं तापवायची गरज पडत नाही.

पण एकच फोटो काढून भागत नाही. उष्णता आत जायला आणि तिचा परिणाम वर दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटरवरची पोकळी दिसायला दोन मिनिटं लागत असतील तर त्याच गिलाव्यात दोन सेंटिमीटरवरच्या पोकळीला आठ मिनिटं लागतील, आणि तोवर तिची कड पसरट होऊन फरकही फिका पडलेला असेल. म्हणून तापवणं आणि निवणं या सगळ्या काळाचं सलग चित्रण करतात. कुठला ठिपका कधी उमटला आणि कधी विरला, यावरून खोली काढतात.

आता फसवणूक. समजा चित्रातल्या स्त्रीचे केस काळे आहेत आणि वस्त्र पांढरं. दिवे लावताच थर्मल चित्रात केसांची जागा झळाळून उठते. नवखा माणूस तिथे पोकळीची खूण करेल. काळा रंग दिव्याचा प्रकाश जास्त शोषतो आणि म्हणून जास्त तापतो, एवढंच खरं तर झालेलं असतं. पोकळीचा डाग चित्रातल्या आकृतीची रेघ पाळत नाही, रंगाचा डाग पाळतो, ही पहिली ओळख. दुसरा उपाय म्हणजे दिव्यांऐवजी उबदार हवा वापरणं, तिला रंगाशी देणंघेणं नसतं. सोन्याचा वर्ख लावलेला असेल तर आणखी मजा: वर्ख स्वतः फारशी उष्णता उत्सर्जित करत नाही, समोरची परावर्तित करतो, आणि कॅमेऱ्यात कॅमेरा धरणाऱ्याचीच ऊब दिसते. ओल शोधतानाही असंच. ओला भाग बाष्पीभवनामुळे थंड दिसतो हे बरोबर, पण खोलीतली हवाच दमट असेल तर बाष्पीभवन होत नाही आणि ओल कॅमेऱ्यापासून साफ लपते.

गिलाव्याच्याही मागे, भिंतीच्या पोटात पाहायचं तर रडार लागतो. सूक्ष्मलहरी आत सोडायच्या आणि माध्यम बदललं तिथून येणारे प्रतिध्वनी टिपायचे. भिंतीतले लोखंडी अँकर, मोठ्या भेगा, बुजवलेली दारं, दगडांतल्या पोकळ्या, हे सगळं त्यात चांगलं कळतं. पण दोन गिगाहर्ट्झच्या लहरीची भिंतीतली लांबी पाच-सहा सेंटिमीटर असते, त्यामुळे मिलिमीटरभर सुटलेला गिलावा तिच्या तावडीतून सहज निसटतो. कंपनसंख्या वाढवली तर बारकावे दिसतात पण खोली कमी होते. रडारकडून गिलाव्याचा निवाडा मागणं म्हणजे त्याच्यावर अन्याय करणं.

शिवाय प्रतिध्वनींचा अर्थ लावणं किती निसरडं आहे हे इजिप्तचा प्राचीन राजा तुतानखामेन याच्या थडग्यात दिसलं. चित्रांकित भिंतींमागे गुप्त दालनं असावीत असा तर्क २०१५ मध्ये मांडला गेला. त्याच वर्षीच्या रडार पाहणीचा निष्कर्ष जवळजवळ होकारार्थी होता. दुसऱ्या पाहणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. २०१८ मध्ये इटालियन पथकाने तिसऱ्यांदा सविस्तर पाहणी केली आणि दालनं नाहीत असं सांगितलं. भिंत तीच, रडारचं तत्त्वही तेच, उत्तरं वेगवेगळी.

पाणी मोजण्याचा सगळ्यांत भरवशाचा मार्ग अजूनही ओबडधोबडच आहे: बारीक भोक पाडून वेगवेगळ्या खोलीवरची पूड घ्यायची, वजन करायचं, १०५ अंश सेल्सिअसला वाळवून पुन्हा वजन करायचं. पण भोक ते भोकच, आणि चित्रात पाडायची मुभा क्वचितच मिळते. बांधकामावर वापरतात ती दोन टोचण्यांची विजेवर चालणारी ओलमापकं इथे कुचकामी ठरतात, कारण खारट पाणी वीज जास्त वाहून नेतं आणि थोडीशी ओलही महापुरासारखी दिसते. म्हणून पाण्यातल्या हायड्रोजनचा थेट वेध घेणारं, हातात मावेल असं चुंबकीय अनुनादाचं उपकरण महत्त्वाचं ठरलं. रुग्णालयातल्या एमआरआयचं तत्त्व, पण इथे चुंबक भिंतीच्या एकाच बाजूला टेकवायचा. वरच्या काही मिलिमीटरांतलं पाणी त्यात थेट मोजता येतं. फ्लॉरेन्समध्ये विकसित झालेलं सूक्ष्मलहरींचं एक उपकरण वरच्या दोनेक सेंटिमीटरांतली ओल आणि क्षार यांचा वेगवेगळा अंदाज देतं.

प्रकाशाच्या पद्धती पृष्ठभागाजवळच थांबतात, पण स्वस्त आणि निर्धोक आहेत. साधी बॅटरी भिंतीला जवळजवळ समांतर धरली तरी सावल्यांमुळे फुगवटे आणि उचललेल्या खपल्या उठून दिसतात. मला विचाराल तर कुठलंही महागडं यंत्र आणण्याआधी हे करावं. अतिनील प्रकाशात नंतरचे लेप आणि डागडुजी वेगळी चमकते, आणि लाखेपासून बनलेलं शेलॅक नारिंगी दिसतं. हे कळणं का गरजेचं, तर अजिंठ्यात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून शेलॅकचा हात दिला आणि तो पुढे पिवळा पडला. असा लेप भिंतीचा श्वासही कोंडतो आणि क्षारांना रंगाच्या मागेच स्फटिक धरायला भाग पाडतो. अवरक्त प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्यांत जिप्सम ओळखू येतं, म्हणजे प्रदूषणातल्या गंधकाने चुना पोखरायला सुरुवात केलीय का ते समजतं. क्ष-किरणांच्या मदतीने मूलद्रव्यं कळतात. असिसीतच चिमाबुए या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ‘क्रूसारोहण’ चित्रात जिथे उजळ भाग असायला हवेत तिथे काळे आहेत, फोटोच्या निगेटिव्हसारखे. पांढऱ्या शिशाच्या रंगाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर झालंय. इथे काही सुटलेलं नाही, काही पोकळ नाही, तरी नुकसान झालेलंच आहे.

या सगळ्या मोजण्यांत एक उणीव राहते: बिघाड चालू आहे की केव्हाच थांबलाय? तुतानखामेनच्या थडग्यातल्या चित्रांवर तपकिरी ठिपके आहेत आणि पर्यटकांच्या श्वासामुळे ते वाढतायत अशी भीती होती. गेटी संस्थेच्या पथकाने ते १९२० च्या दशकातल्या हॅरी बर्टनच्या फोटोंशी ताडून पाहिले. ठिपके जिथल्या तिथे होते, वाढले नव्हते. प्रयोगशाळेतल्या तपासणीत ते सूक्ष्मजीवांमुळे झालेले, पण केव्हाच मेलेले निघाले. ते रंगाच्या थरात मुरलेले असल्याने काढले नाहीत. जे कुठल्याही स्कॅनरला एका भेटीत सांगता आलं नसतं ते जुन्या फोटोंनी सांगितलं. म्हणून आता गंभीर प्रकल्पांत वर्षभर तापमान आणि आर्द्रता नोंदवतात, भेगांवर मापकं बसवतात आणि ठरावीक काळाने तीच भिंत त्याच कोनांतून टिपून त्रिमितीय प्रतिमा तपासतात.

शेवटी हे सगळे नकाशे एकमेकांवर ठेवतात, आणि ते जुळतात तिथे फारसा विचार करावा लागत नाही. खरं काम जिथे जुळत नाहीत तिथे सुरू होतं. बोट पोकळ म्हणतं पण थर्मल कॅमेरा गप्प आहे: पोकळी खोल असेल, किंवा तापवण्याचा वेळ कमी पडला असेल. कॅमेरा डाग दाखवतो पण बोट आणि लेसर दोघेही नाही म्हणतात: बहुधा रंगद्रव्याचा खेळ, किंवा पूर्वी कुणीतरी वेगळ्या मसाल्याने केलेली डागडुजी.

आणि सापडलेली प्रत्येक पोकळी भरायचीच असं नाही. कडा घट्ट धरून असलेली, लहान, वर्षानुवर्षं न बदललेली पोकळी तशीच ठेवून लक्ष ठेवणं बरं, कारण भरायच्या मसाल्यात पाणी असतं आणि पाणी आत गेलं की झोपलेले क्षार जागे होतात. शिवाय मसाल्याचं वजन आधीच लोंबकळणाऱ्या गिलाव्याला खाली ओढतं. मोगावमध्ये याच कारणाने मातीवर आधारलेला, प्युमिस (ज्वालामुखीतून निघणारा सच्छिद्र, हलका दगड) आणि काचेचे पोकळ सूक्ष्मगोल मिसळलेला हलका मसाला तयार केला गेला. तो पिचकारीने आत सोडायचा, वरून शोषक थर दाबून धरायचे आणि त्यांतून पाण्याबरोबर क्षारही खेचून घ्यायचे. मग मसाला पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं आणि तेव्हाच थर्मल कॅमेरा पुन्हा भिंतीसमोर उभा करायचा. ओल्या मसाल्यावर घेतलेलं चित्र पोकळी भरली की नाही याबद्दल काहीच धड सांगत नाही.